शरदचंद्रांच्या हौदातली माता

"बोलो जलमाता की...!"

"जय!"

गुरुवारची सकाळ. राऊ गावातल्या शरदचंद्रांच्या बंगल्यात, पोहण्याच्या हौदात साठ-सत्तर माणसं कपड्यांसकट उभी होती. कुणी नाक शिंकरत होतं, कुणी गुळण्या करत होतं, आणि तेच पाणी बाटल्यांत भरून तीर्थ म्हणून घरी नेत होतं. शी! फाटकातून आत येता येता पंचशीलानं नाकाला पदर लावला. पण मागे फिरायची सोय नव्हती. काठावरच्या खुर्चीत, झेंडूच्या हारांखाली तिची सासू गयाबाई बसली होती आणि बायका रांग लावून तिच्या पाया पडत होत्या.

हा हौद शरदचंद्रांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं बांधला. बांधून झाल्यावर कळलं की हे तर पांढरा हत्ती पोसणं. रोज जाळीनं पानं काढा, तळ घासा, गाळायचं मशीन तासन् तास चालवा, क्लोरीन मोजून टाका, उन्हाळ्यात टँकर मागवा. चार दिवस आळस केला की पाणी हिरवंगार. पहिल्या वर्षी त्यात नातवंडं पोहली, दुसऱ्या वर्षी बेडूक.

तेवढ्यात नीरबाबा उगवला. "मशीन बंद करो भिया, माता देखेगी," म्हणत त्यानं लाल कापडाची एक पोटली दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि दोन दिवस फाटकाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी तळाची फरशी लख्ख दिसायला लागली! हात न हलवता पाणी स्वच्छ! शरदचंद्रांनी बाबाला उचलून देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं.

गयाबाईनं याच घरात वीस वर्षं भांडी घासली होती. तिचा चहाचा कप तेव्हा खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली ही बाई, पण गुडघेदुखीनं जेरीस आली आणि सहा आठवड्यांपूर्वी इथे पोहोचली. दर गुरुवारी बुड्या मारायच्या आणि पोटलीखालचं ग्लासभर पाणी प्यायचं, असा नेम तिनं धरला. पाचव्या गुरुवारी तिचे पांढरेशुभ्र केस हिरवट दिसायला लागले. "माता का रंग चढ़ गया!" बाबा गरजला, आणि गयाबाई देवी झाली.

देवी झाली खरी, पण पोटात अन्न ठरेना. तीन दिवस नुसत्या उलट्या. पंचशीला दवाखान्यात चल म्हणाली की उत्तर ठरलेलं, "माता आतली घाण काढून राहिली. तू मध्ये नको पडू."

पंचशीला शाळेत विज्ञान शिकवायची. सासूचे केस बघून तिला आधी लाज वाटली आणि मग शंका आली. आज ती पिशवीत दोन ग्लास, पॉलिश कागदानं घासलेले दोन खिळे आणि सियागंजच्या बाजारातून आणलेली एक पुडी घेऊन आली होती.

"साइंस जिथे खतम, तिथून माता शुरू!" बाबाचं चालूच होतं. "मशीनला बिजली पाहिजे, मातेला फक्त श्रद्धा! पेटी तिकडे आहे. छुट्टे नसतील तर मोबाइलचा कोडही लावला आहे, टेन्शन नका घेऊ!"

पंचशीला तडक काठाशी गेली. तिनं दोरी ओढली, सकाळीच सोडलेली नवी पोटली वर काढली आणि एका ग्लासात पिळली. निळं पाणी निथळलं.

"अरे, पाप! पाप लागेल!" बाबा किंचाळला.

"लागू द्या. माझं मी बघते." दुसऱ्या ग्लासात तिनं साधं पाणी ओतलं आणि त्यात पुडीतले निळे खडे ढवळले. "हे मोरचूद. हिंदीत नीला थोथा. दुकानात किलोनं मिळतं." मग एकेका ग्लासात एकेक खिळा सोडला. "थांबा जरा."

लोक पुढे सरकले. थोड्या वेळानं तिनं दोन्ही खिळे वर काढले. दोन्ही तांबूस झाले होते.

"मातेचा शेंदूर!" बाबानं संधी साधली.

"कोणत्या मातेचा? सियागंजच्या?" पंचशीला भडकली. "पुडीवर कुणी मंत्र म्हटला होता? दोन्हीकडे तांबं आहे, ते खिळ्यावर चढलं. पोटलीत मोरचूद आहे, त्यानं शेवाळ मेलं. बरोबर तुरटी असणार, तिनं गाळ तळाशी बसवला. कुलपाआड बाबांच्या चेल्यांनी तो उपसला. हेच तांबं पांढऱ्या केसांवर चढलं की केस हिरवे होतात, आणि पोटात गेलं की उलट्या होतात! बाबाजी, अमृत आहे ना? मग हा पोटलीचा ग्लास घ्या, प्या."

बाबानं ग्लासाकडे पाहिलं आणि हात जोडले. "बेटी, आज मेरा निर्जला व्रत है."

"निर्जला?" शरदचंद्रांची बायको मंजिरी पुढे आली. "अहो, आत्ता आत बसून चार कचोऱ्या खाल्ल्या ना तुम्ही? वर दोन ग्लास ताकपण प्यायलात!"

लोक हसले, मग हसता हसता एकेकाला आपल्या बाटलीची आठवण झाली. कुणी थुंकलं, कुणी घशात बोटं घातली. बाबा आणि चेले पेटी उचलून निघाले, तशी चार जणांनी त्यांना फाटकात अडवलं आणि पोलिसांना फोन लावला.

शरदचंद्र रडकुंडीला आले. "मग पंचशीलाजी, पाणी स्वच्छ कसं ठेवायचं?"

"रोज राबून. जाळी, मशीन, क्लोरीन. नाही झेपत तर हौद बुजवा, त्यात लाज कसली? पण कष्ट चुकवायला बाबा आणू नका. आणि तुम्ही सगळे, डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं, असं नाही हो. असं का झालं, एवढं तरी विचारा. उत्तर कळेपर्यंत निदान पिऊ तरी नका!"

ती सासूकडे वळली. गयाबाई त्या तांबूस खिळ्यांकडे बघत बसली होती. पायाशी वाकायला आलेली शेवटची बाई अर्ध्यातूनच सरळ झाली आणि पदर सावरत बाजूला निघून गेली. मागोमाग बाकीच्याही पांगल्या.

"आई, चला दवाखान्यात," पंचशीला हळूच म्हणाली.

गयाबाईनं एकेक हार काढून खाली ठेवला.

"वीस वर्षं या घरात राबले पोरी, कुणी बस पण नाही म्हटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता तरी मला मानून राहिले. ते तर केसांच्या पाया पडत होते."

पंचशीलानं तिचा हात घट्ट धरला आणि रिक्षाला हाक मारली.