अंतर्यामी आणि टाकीतली मगर

नगरपालिकेच्या दालनात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी चपला बाहेर काढल्या आणि मग सगळ्यांनीच काढल्या. तसा काही नियम नव्हता, पण समोर ‘अंतर्यामी’ उभा होता ना!

अंतर्यामी म्हणजे कपाटाएवढं पांढरं यंत्र, पोटावर काच बसवलेलं. काचेवर पंजा ठेवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. तुमची तक्रार यंत्रच बोलून दाखवायचं आणि खालून चिठ्ठी सरकवायचं: ‘निवारण झाले.’ वर गोल शिक्का.

“एक अक्षर बोलले नाही हो मी!” शिंपीणताई डोळे पुसत सांगत होत्या. “दारासमोरचा दिवा गेलाय, हे त्यानं आपणहून ओळखलं!”

“मग दिवा लागला का?” रांगेतून पाना काकांनी विचारलं.

“लागला नाही. पण ओळखलं की!”

पाना काकांचा जन्म नळजोडणीत गेला होता. खिशात कायम पाना, म्हणून हे नाव. महिनाभर त्यांच्या गल्लीत गढूळ पाणी येत होतं आणि आठ दिवस काकू पोट धरून अंथरुणात होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आधी पाणी सुधारा, मग औषध. काका दोनदा अंतर्यामीपुढे उभे राहिले, दोनदा चिठ्ठी घेऊन घरी गेले. दुसरी चिठ्ठी बघून काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, “अहो, ही गाळून पिऊ की उकळून?”

ते काकांना फार लागलं होतं.

पूर्वी बरं होतं. तीन नंबरच्या खिडकीत एक कारकूनबाई बसायच्या. तक्रार वहीत लिहायच्या आणि काम होईपर्यंत कामगारांच्या मागे हात धुऊन लागायच्या. आता नवीन तक्रार घ्यायची त्यांना मनाई होती. आज तीन वाजता अध्यक्षबाई कागदावर सही करणार आणि खिडकीला कायमचं कुलूप लागणार होतं.

“बंधुभगिनींनो!” यंत्राशेजारी ते बसवणारे तंत्रगुरू कोट घालून उभे होते. “तळहातातून मनोलहरी निघतात, त्या ढगात जातात, ढगातून विदा, म्हणजे डेटा, उतरते आणि तक्रार जागच्या जागी विरघळते! फक्त शंका आणू नका. शंकेनं लहरी दूषित होतात.”

“लहरींचं सोडा, पाणी दूषित झालंय,” काका पुटपुटले.

रांग दोन तासांची. रांगेत माणूस करतो काय? पुढच्या-मागच्यांना आपली रडकथा सांगतो. काकांनीही दोन्ही वेळा सांगितली होती. आज मात्र ते रागानं तोंड मिटून उभे होते आणि तोंड बंद असल्यामुळे डोळे कामाला लागले.

दर चार पावलांवर एक कुंडी होती. पानं हिरवीगार, पण प्लास्टिकची. आणि प्रत्येक कुंडीच्या बुडातून एक बारीक करडी नळी निघून भिंतीच्या कडेनं पुढे गेलेली. काकांचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. प्लास्टिकच्या झाडाला पाणी कशाला? त्यांनी वाकून नळी चाचपली. कोरडी ठणठणीत. नजरेनं माग काढत गेले, तर नळी थेट सामानाच्या खोलीत घुसलेली. दार आतून बंद.

काकांचा नंबर आला. पंजा ठेवला. यंत्र जरा घुटमळलं. “आपले मन अशांत आहे. पुन्हा रांगेत यावे.”

“शंका आणलीत ना, काका?” तंत्रगुरू गोड हसले.

“आणली खरी,” म्हणून काका निमूट रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. तिथे शिंपीणताई होत्या, या वेळी जावेच्या गटाराचं काम घेऊन. काका कुंडीजवळ सरकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “काय सांगू ताई, आमच्या टाकीत मगर शिरलीय.”

“अगं बाई!”

“आणि बाळंत झालीय. तीन पिल्लं.”

“मग पाणी कसं भरता?”

“ती झोपली की.”

तीनच्या ठोक्याला अध्यक्षबाई पेन घेऊन आल्या, तेव्हा काका यंत्रापाशी पोचले होते. “बघा, बाई, आमची चौथी खेप,” म्हणत त्यांनी पंजा टेकवला.

यंत्र धीरगंभीर आवाजात बोललं, “आपल्या टाकीतील मगर व तिची तीन पिल्ले. कार्यवाही पूर्ण.”

सुर्र करून चिठ्ठी आली. मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. “मगर कुठे गेली?”

“ढगात,” काका म्हणाले. “बाई, सही थांबवा आणि ही नळी कुठे जाते तेवढं बघू चला.”

नळीमागून काका, काकांमागून अध्यक्षबाई आणि त्यांच्यामागून अनवाणी पब्लिक. काकांनी दारावर पाना ठोकला. दार उघडलं. आत एक टकले गृहस्थ, कानांवर हेडफोन, तोंडात बिस्कीट, पुढे कीबोर्ड आणि पडद्यावर अख्खी रांग. कुंड्यांत माइक होते, भिंतीवरच्या घड्याळात कॅमेरा.

“हे कोण?”

“माझे मेहुणे,” तंत्रगुरूंचा आवाज नळीपेक्षा बारीक झाला.

मेहुणे वैतागले. “मला काय विचारता? कोण काय बोलतं ते ऐकायचं, टाइप करायचं, ‘पूर्ण’चं बटण दाबायचं. मगर की म्हैस, हे बघायचं काम माझं नाही.”

“मग माझा दिवा?” शिंपीणताईंनी विचारलं.

“तोही पूर्ण केलाय, ताई.”

ताई दारापाशी गेल्या आणि आधी चपला पायात घालून आल्या.

अध्यक्षबाईंच्या मागे भिंतीवर ‘शंभर टक्के निवारण’ असा फलक होता. त्यांनी स्वतःच तो उलटा करून ठेवला आणि हातातला कागद फाडला. लोक यंत्र फोडायला धावले, तेव्हा काका आडवे आले.

“त्यानं काय केलंय? त्याला कामाला लावा. तक्रार खिडकीत लिहू, कुणाचं काम कुठे अडलंय ते हे पडद्यावर दाखवेल. फक्त ‘पूर्ण’ कधी म्हणायचं, ते ज्याची तक्रार त्यानं सही करून सांगायचं. आणि आपणही थोडं शहाणं होऊ या. त्यानं ओळखलं म्हणून आपण भुललो. काम झालं का, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा दोनदा चिठ्ठी घेऊन घरी गेलो.”

चौथ्या दिवशी गल्ली खणली. गटाराखाली फुटलेला पाइप सापडला आणि बदलला. दोन दिवसांनी कारकूनबाई वही घेऊन काकांच्या घरी आल्या. काकू पहिल्यांदाच उठून बसल्या होत्या. त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला.

“तळाला अजून जरासा गाळ आहे. सही नाही. उद्या या.”

“करा ना, काकू. तेवढीच एक राहिलीय. यंत्र सारखं ‘अपूर्ण’ दाखवतंय.”

“दाखवू दे,” काकू म्हणाल्या. “खरं बोलायला शिकतंय बिचारं.”