खालून दिसणारा काठ

वसमतच्या बसस्टँडसमोर रविंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि अलीकडं ते नवीन थेर: लग्नाआधीच नवरा-नवरीला पाण्यात बुडवून काढायचे फोटो. पोरीला पोहता येतं का हे कोणी विचारत नाही, घागरा तेवढा नीट पसरला पाहिजे. त्या थेरापायी रविंद्रकडं पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं सामान आलं होतं, आणि त्या सामानापायी नीलांबरी हिंगोलीच्या कचेरीत रजा टाकून त्याच्यासमोर बसली होती.

पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि तिच्या पर्समधून निघालेला मुठीत मावणारा कॅमेरा. रविंद्रनं तो उलटापालटा करून पाहिला.

"भारी हाय. कुठं जाऊन राहिल्या ताई, गोवा का अंदमान?"

"कुरुंदा."

"कुरुंद्याला समुद्र कधी आला?"

"हीर हाय आमची. माहेरची."

रविंद्र हसला, पण ती हसत नाही हे बघून त्यानं खुर्ची पुढं ओढली. "पाणी किती हाय?"

"दोन परस असंल."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. रविंद्रचा बापही शेतकरीच, त्याला मोजमाप सांगावं लागलं नाही. "मग काहीच घेऊ नका. ह्यो कॅमेरा असाच पाण्यात चालतो, ह्याच्या तिप्पट खोल. लईच भ्या वाटत असंल तर ही पिशवी घ्या."

त्यानं पुढं केलेली प्लास्टिकची पिशवी तिनं दोन बोटांत धरली. "ह्याच्यातून दुधाच्या पिशवीत बसून बघितल्यासारखं दिसंल."

"नवरा-नवरी काही म्हणत न्हाईत."

"त्यांना एकमेकांचं तोंड धुरकट दिसलेलंच बरं."

मग तिनं आपल्याला काय पाहिजे ते सांगितलं. पाण्याच्या आत उताणं पडायचं आणि खालून वर फोटो काढायचा. विहिरीचा सगळा काठ, सगळं आभाळ, काठावरचा लिंब आणि काठावर उभं असलेलं माणूस, सगळं एका फोटोत.

रविंद्रनं मान हलवली. "मावणार न्हाई. पाण्यात गेला की कॅमेऱ्याची नजर आखडती. आभाळाचा तुकडा येईल, काठ न्हाई यायचा." त्यानं खणातून एक लहान लेन्स काढली. "त्यापेक्षा ही जवळची घ्या. हिरीचं पाणी हिरवं, लांबचं काय दिसत न्हाई. ह्याच्यात बेडकाच्या डोळ्यातली रेघ येती."

"बेडूक बघायला रजा टाकली न्हाई मी."

"मग ही." त्यानं कापडात गुंडाळलेला जाड काचेचा घुमट टेबलावर ठेवला. "ही सगळं पोटात घेती. पण तुमच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला आटे न्हाईत, ही लागायची कशी? म्हणून हाउसिंग. कॅमेरा डब्यात, अन् डब्याच्या तोंडावर लेन्स."

डबे दोन होते. एक काळा, धातूचा, नुसता बघूनच जड. दुसरा पारदर्शक प्लास्टिकचा. रविंद्रचा कल काळ्याकडं होता. पाण्याचा किती का दाब येवो, हलायचा नाही म्हणाला.

"आत पाणी शिरलं तर ह्याच्यात कळंल का?"

"कॅमेरा बंद पडला की कळंल."

"मग हाच बरा," ती पारदर्शक डब्यावर हात ठेवून म्हणाली. "थेंब आला तर दिसंल तरी."

बाहेरून भक्कम आणि आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही, अशी घरं तिनं आयुष्यभर पाहिली होती. त्यांतल्या एका घरात ती नांदलीही होती. आता डबाही तसलाच नको होता.

रविंद्रनं डब्याच्या रिंगेवरून बोट फिरवायला शिकवलं. एक केस जरी अडकला तरी पाणी वाट काढतं. आधी रिकाम्या डब्यात कागद घालून बादलीत बुडवा, कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा घाला. शेवटी त्यानं लेन्स स्वतःच्या हातानं डब्याच्या तोंडावर पिळून बसवली. "घट्ट केली. आता हालायची न्हाई."

कुरुंद्याच्या बसमध्ये तिनं ते सगळं मांडीवर धरलं. रस्त्याच्या कडेनं हळद शिजत होती. खिडकीतून तो ओला, मातकट, उग्र वास आत आला आणि ती नऊ वर्षांची झाली.

तिची आत्या गंगूताई. बापाची बहीण. नांदायला गेली आणि वर्ष व्हायच्या आत परत आली. का आली हे घरात कोणी बोललं नाही. ठेवून घेतलं, असं मात्र सगळे छाती काढून सांगायचे. ठेवून घेतलं म्हणजे चार माणसांचं काम तिच्या एकटीच्या अंगावर टाकलं. पण दुपारी, पुरुषमाणसं जेवून लिंबाखाली आडवी झाली की गंगूताई गोठ्यातल्या खुंटीवरचं चऱ्हाट काढायची आणि वाड्यावस्त्यांवरच्या पोरी गोळा करून विहिरीवर न्यायची. पाठीला सुका भोपळा, कमरेला चऱ्हाट, चऱ्हाटाचं टोक तिच्या हातात. "पाय मार. तोंड मिट. रडायचं ते वर आल्यावर."

पोरींना पोहायला कशाला, म्हणून गावात बोंब झाली. त्या बोंबेला भिऊन नीलांबरीच्या आजोबांनी चऱ्हाट हिसकावून घेतलं तेव्हा गंगूताईनं शांतपणे सांगितलं होतं, "ज्या बाईला पवता येतं तिला हिरीत जीव देता येत न्हाई. डोकं न्हाई म्हणलं तरी हातपाय ऐकत न्हाईत." आजोबांनी चऱ्हाट खाली टाकलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

ह्या मुलखात बाई विहिरीवर दोनच कामाला जायची, पाणी शेंदायला आणि परत न येण्याला. दुसऱ्या कामाला गेली की पेपरात 'पाय घसरून' असं छापून येतं. हे पाय बायकांचेच कसे घसरतात, हे आजवर एका पेपरवाल्यानं विचारलं नाही.

एका दुपारी नीलांबरीचा भोपळा सुटला. ती खाली गेली, आणि खाली गेल्यावर तिनं डोळे उघडून वर पाहिलं. डोक्यावर एक गोल होता. भोवती सगळं काळं आणि मधोमध तो गोल, काठोकाठ भरलेला. विहिरीची दगडं, रहाट, लिंबाच्या फांद्या, आभाळ, सगळं जग कोणीतरी एका ताटात वाढून ठेवावं तसं. आणि त्यात वाकलेली गंगूताई, हातात चऱ्हाट. भीती म्हणून वाटली नाही. ते माणूस तिथं होतं. चऱ्हाट ताणलं गेलं, ती वर आली आणि खोकत हसली.

लग्न झाल्यावर तिनं हे नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "बुडताना भास होतात."

भास नव्हता, हे तिला एवढ्या वर्षांनी दाखवायचं होतं. नवऱ्याला नव्हे, तो गेला. आत्याला. आत्या ऐंशीच्या पुढं गेली होती. आणि मागच्या आठवड्यात मोठ्या भावाचा, उत्तमरावचा फोन आला होता: बोअर आहे, ठिबक आहे, विहिरीचं आता काही काम नाही. ती बुजवून वर हळद वाळवायला सिमेंटचं खळं करायचं. जेसीबी सांगून ठेवलाय.

"उद्या सकाळी येतोय," ती दारात पाय ठेवताच उत्तमराव म्हणाला. "तुझं काय ते आजच उरक. अन् ह्या वयात हिरीत उतरणार म्हणतीस, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, पाय घसरला."

त्यानं गड्याला आत्याची खुर्ची काढायला सांगितलं.

बादलीत बुडवलेला कागद कोरडा निघाला. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा उत्तमराव आणि गड्यानं मिळून गंगूताईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून विहिरीच्या काठावर आणलं. गुडघे गेलेले, पण नजर शाबूत. उत्तमरावची नात कोमल, सात वर्षांची, सारखी काठाशी यायची आणि उत्तमराव तिला दंडाला धरून मागं ओढायचा.

"ह्याच्यापायीच बुजवायचीय," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी पोरगी आत जाईल."

गंगूताईनं कोमलला खुणेनं जवळ बोलावलं.

नीलांबरी ओढणी कमरेला गुंडाळून पायऱ्या उतरली. पाणी थंड होतं. तीस वर्षं ती पाण्यात उतरली नव्हती आणि पहिल्या दोन हातांतच अंगाला सगळं आठवलं. तिनं श्वास घेतला, खाली गेली, जुन्या मोटारीच्या पाइपाला पाय अडकवला आणि उताणी होऊन बटण दाबलं.

वर येऊन पडद्यावर पाहिलं तर फोटोच्या मधून चांदीसारखी एक आडवी रेघ. रेघेखाली काठ दिसत होता, वर सगळा भुरका गोंधळ. पुन्हा गेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. डब्यात थेंब नव्हता, काच स्वच्छ होती.

"जमंना का?" उत्तमराव वरून ओरडला. "सोड आता. मोबाइलवर काढ काठावरून."

ती पायरीवर बसून धापा टाकत होती. रविंद्रला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, कंपनीला घालून झाल्या. उद्या सकाळी इथं दगड पडणार. आत्याला पुन्हा खुर्चीत घालून इथवर आणायची वेळ येणार नव्हती, कारण इथं असं काही उरणारच नव्हतं. तिनं रागानं कॅमेरा पाण्यात बुडवला आणि तिच्या बोटांना एक बारीक गुळगुळ जाणवली. लेन्स आणि डब्याच्या मधून एकच बुडबुडा निसटला.

त्या गुळगुळीबरोबर पाठीत बसलेला एक जुना धपाटा आठवला. ह्याच पायरीवर. घागर सरळ बुडवून ती भरायची वाट बघत होती, आणि गंगूताई म्हणाली होती, "आत हवा बसलीय, पाणी शिरंल कुठून? तोंड वाकडं कर की."

लेन्स कोरड्यात घट्ट बसवली होती. तिच्या आणि डब्याच्या मधल्या फटीत हवा अडकून बसली होती, अर्धी हवा आणि अर्धं पाणी. पाण्यात लावायची लेन्स पाण्यातच लावायला पाहिजे होती. रविंद्रचे नवरा-नवरी पिशवीत बुडायचे, त्याला तरी काय ठाऊक.

तिनं कॅमेरा पाण्याखाली धरला, लेन्स दोन फेरे सैल केली, तोंड वाकडं केलं. गुळगुळ करत हवा निघून गेली. मग तिथंच, पाण्यातच, लेन्स पुन्हा पिळली.

"आत्या, पुढं वाक जरा," ती ओरडली.

"वाकले तर पडंन की."

"पडलीस तर काढते."

गंगूताई हसली. दात नव्हते, तरी हसली.

नीलांबरी खाली गेली. पाइपात पाय अडकवला. वर पाणी अजून हिंदकळत होतं, गोलाचे तुकडे तुकडे झाले होते. ती थांबली. छातीत कळ यायला लागली, तरी थांबली. हळूहळू तुकडे एकमेकांना चिकटले, आणि तिच्या डोक्यावर तो गोल परत आला. दगड, लिंब, आभाळ. रहाट नव्हता, तो कधीच भंगारात गेला. पण काठावर गंगूताई होती, खुर्चीतून वाकलेली, एक हात पुढं केलेला, जणू त्या हातात अजून चऱ्हाट आहे. तिनं बटण दाबलं. मग आणखी एकदा, नुसतं बघत राहता यावं म्हणून.

ती पायऱ्या चढून काठावर आली. ओल्या हातानं तिनं पडदा गंगूताईच्या डोळ्यांसमोर धरला. कोमल खुर्चीच्या हातावर चढून बघायला लागली. उत्तमरावही मागं येऊन उभा राहिला.

"ही मी?"

"व्हय. भोपळा सुटला तवा मला अशीच दिसली होतीस. मी सांगितलं तर कोणाला खरं वाटलं न्हाई."

गंगूताईनं एक बोट पडद्याच्या अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"खरंच हाय," ती म्हणाली. "असाच गोल दिसतो. म्या पाह्यलाय. सासरच्या हिरीतून."

उत्तमरावनं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"तिथं लिंब न्हवता, बाभळ व्हती. बाकी सगळं असंच. फकत काठावर कोणी न्हवतं." तिचा आवाज वाटाण्याच्या शेंगा सोलताना असतो तसाच होता. "लई येळ वर बघत राहिले. वाटलं, कोणीतरी यील वाकून बघाया. आलं न्हाई. मग हातपाय आपले आपणच हालाया लागले. बापानं लहानपणी ह्याच हिरीत शिकवलं व्हतं ना. दुसऱ्या दिवशी चालत कुरुंद्याला आले."

लिंबावर होला घुमत होता. नीलांबरीच्या केसांतलं पाणी खुर्चीच्या पायाशी टपटपत होतं. एवढ्या वर्षांत घरातल्या एकाही माणसानं ह्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. तिनंही विचारला नव्हता. तिला वाटायचं, दुपारची झोप येत नाही म्हणून आत्या पोरी गोळा करते.

गंगूताईनं डोळ्यांसमोरचा कॅमेरा बाजूला सारला आणि कोमलच्या पाठीवरून, खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला, कापड मापताना फिरवतात तसा.

"उत्तम," ती म्हणाली, "चऱ्हाट कुठं ठेवलंय रे?"

"आत्या, उद्या सकाळी जेसीबी येऊन राहिलाय."

"ते मला ठाऊक हाय. म्या चऱ्हाट इचारलं."

उत्तमरावनं नातीकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. मग खिशातला फोन काढला आणि जेसीबीवाल्याचा नंबर शोधत गोठ्याकडं चालायला लागला. चऱ्हाट अजून तिथल्याच खुंटीला असतं.