शेजारच्या सीटवर आई

“एवढ्या लांबून ही माणसं शेळ्या बघायला आली?” आईनं विचारलं.

समोर हरणांचा कळप चरत होता आणि मागच्या सीटवरचं स्वीडनचं म्हातारं जोडपं श्वास रोखून फोटो काढत होतं. मी म्हटलं, आई, ती हरणं आहेत. तिला त्यात फारसा फरक वाटला नाही.

माझी आई सेइपाटी जन्मभर चोबे नदीकाठच्या गावात राहिली, पण जंगल बघायला म्हणून जंगलात आज पहिल्यांदाच आली होती. तेही हौसेनं नव्हे. मी पाहुण्यांना जनावरं दाखवत गाडी चालवते, हे तिला पहिल्यापासून खुपत होतं. फ्रान्सिसटाउनच्या मामानं त्याच्या कापडदुकानात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. आमच्यात मामाचा शब्द शेवटचा, आणि आमचा मामा आईच्या शब्दाबाहेर नाही. शेवटी ठरलं, की आईनं एक दिवस माझ्याबरोबर फिरायचं आणि संध्याकाळी काय ते सांगायचं. ती नको म्हणाली तर मी गाडीची किल्ली खाली ठेवणार होते. तसा शब्द दिला होता मी, आणि सकाळपासून पस्तावत होते.

तिचंही चुकत नव्हतं. माझ्या वडिलांच्या घराण्याचं देवक हत्ती. त्याचं मांस खायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. आणि वडील गेले ते हत्तीच्याच पायाखाली, अमावास्येच्या रात्री, ज्वारीची राखण करताना. गाव म्हणालं, देवक उगाच कोपत नाही, यानंच काहीतरी केलं असणार. आईनं त्या दिवसापासून देवकाचं नाव टाकलं. आमच्याकडे माणसाला देवकाच्या नावानं हाक मारतात, मानाची असते ती. मला कुणी तशी हाक मारली की आई दार लावून घ्यायची.

दुपारपर्यंत बरं चाललं. सिंहीण झोपलेली दिसली. आई म्हणाली, आळशी आहे. तिनं घरून तळून आणलेले गोड गोळे पाहुण्यांना आग्रह करकरून खायला घातले. मला वाटायला लागलं, सुटले बुवा.

मग नदीकडच्या वळणावर झुडपातून एक एकटा नर हत्ती बाहेर आला, तो थेट आमच्याच अंगावर. सोंड वर, कान सुपासारखे पसरलेले. मी इंजिन बंद केलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, हे पाहुण्यांना मी सकाळीच बजावलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं.

ती हलली नाही, पण बोलली. आवाजही चढवला नाही.

“बास झालं आता,” ती हत्तीला म्हणाली. “एक नेलास माझ्या घरातला. ही तुझ्याच घराण्याची पोर आहे, डोळे फुटलेत का तुझे? सरक बाजूला.”

हत्ती गाडीच्या अगदी तोंडाशी थांबला. डोकं झटकलं, उगाच थोडं गवत उपटलं आणि नदीकडे चालता झाला. त्याला आमची भाषा कळते असं मी म्हणत नाही. तो थांबणार, हे मला माहीत होतं. तरी माझे गुडघे लटपटत होते, आणि ते आईनं पाहिलं.

“थांबेल हे ठाऊक होतं तुला?”

“हो. कान पसरलेले होते त्याचे. खरंच मारायला येतो तेव्हा ते मागे चिकटवतो.”

“मग पाय कशाला कापतायत?”

“तू शेजारी होतीस म्हणून.”

तिनं वळून नदीकडे निघालेल्या हत्तीचे कान निरखले.

“तुझ्या बापाला कान दिसले नसणार,” ती म्हणाली. “मिट्ट काळोख होता. काही केलं नव्हतं गं त्यानं. दिसलंच नसणार त्याला.”

म्हणजे गावाचं ते बोलणं इतकी वर्षं तिलाही आतून कुरतडत होतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मामाला फोन कर. म्हणावं, दुकानासाठी दुसरी कुणी बघ.”

परतताना माझ्या मनावरचं मणभर ओझं उतरलं होतं. ऊन कललं होतं. पुढे हत्तिणींचा कळप पिलांना घेऊन रस्ता ओलांडत होता, म्हणून मी गाडी थांबवली. पाहुणे आनंदानं बोलायला लागले, तशी मी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. हत्ती बिथरतील म्हणून असेल, असं त्यांना वाटलं.

शेजारी आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.