चार स्क्रूंचा दाबोबा

मित्रांनो, दोन फळ्या, चार स्क्रू आणि मधे टीपकागदांची थप्पी, एवढाच माझा संसार. झाडावरून गळलेली पाने सपाट वाळवणारा मी एक जुना लाकडी दाब. बालवाडीतली मुले मला दाबोबा म्हणतात. माझे काम गप्प पडून राहण्याचे. पण मला गप्प पडू देणारे माणूस क्वचितच भेटले.

मला बालवाडीच्या बाईंच्या सुतार भावाने घडवले. चारही स्क्रूंना त्याने दोन-दोन कानांच्या चाक्या बसवल्या, म्हणजे छोट्या बोटांनाही त्या फिरवता याव्यात. पानगळ सुरू झाली, की वर्गात नुसती धांदल. मुले पिशव्या भरभरून पाने आणत. लाल एकीकडे, पिवळी दुसरीकडे, करवतीसारख्या कडांची तिसरीकडे. मग मोजणी. मग पानावर कागद ठेवून खडू घासायचा, शिरांची जाळी उमटली की आरडाओरडा करायचा. निवडक पाने माझ्या पोटात जात. दर शुक्रवारी मी एका मुलाबरोबर त्याच्या घरी जाई आणि आठवड्याने परत येई. सोबत बाईंची चिठ्ठी असे: "सात दिवस उघडू नये. फक्त तिसऱ्या दिवशी मोठ्यांनी कागद बदलावेत." पाने सुरेख वाळत, भिंतीवर लागत, आणि माझे कौतुक होई.

पुढे पाने प्लॅस्टिकमध्ये बंद करणारे यंत्र आले. दोन मिनिटांत काम फत्ते! मी तीन वर्षे कपाटावर धूळ खात पडलो. खोटे कशाला बोलू, त्या यंत्रावर मी जळत होतो. पण त्यातली ओली पाने काळी पडू लागली, तेव्हा बाईंनी मला खाली काढून पुसले.

यंदा मला घरी नेण्यात पहिला नंबर भिंगरीचा लागला. ती एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिने रस्त्यावरून एक लालभडक पान उचलले होते. तिचे बाबा बोटीवर इंजिन सांभाळतात. पुढच्या शुक्रवारी ते चार महिन्यांसाठी निघणार होते आणि ते पान तिला त्यांच्याबरोबर द्यायचे होते. हातात सात दिवस होते, एकही जास्त नाही.

घरी पोचून अर्धा तास झाला नाही तोच तिने मला उघडले. पान होते तसेच. जेवणाआधी उघडले, जेवणानंतर उघडले, दात घासता घासता तोंडात ब्रश धरून उघडले.

"अगं, त्या पानाला जरा दम तरी खाऊ दे!" आजी म्हणाली.

प्रत्येक वेळी वारा लागे आणि पानाच्या कडा वर वळत. मला ओरडता येत असते, तर मी घर डोक्यावर घेतले असते.

बाबा तर लेकीच्या वरताण. बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. येता-जाता माझ्या चाक्या सैल दिसल्या, की त्या करकचून पिळायच्या. ती सोडायची, ते आवळायचे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! कागद बदलायचे तर सगळ्यांच्याच डोक्यातून गेले. गुरुवारी दुपारी बाबांनी चक्क पक्कड आणली. कट्ट! माझी वरची फळी चिरली. भिंगरी धावत आली. त्यांनी फळी उचलली, तर पानाचे टोक तुटून कागदाला चिकटलेले आणि बाकीचे पान अजून दमट.

"मी सारखी उघडून बघत होते," ती हुंदके देत म्हणाली.

"आणि मी सारखा आवळत होतो," बाबा म्हणाले. "चूक दोघांची."

"मग आता तुम्ही काय नेणार?"

बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. "काहीच नाही. हे इथेच राहू दे. मी आलो की दोघं मिळून उघडू."

"चार महिने? मला नाही जमणार!"

"मला तरी कुठे जमतंय? पण मलाही मधेच उठून घरी येता येत नाही."

त्यांनी कोरडे कागद घातले. आजीने शिवणाच्या डब्यातली नाडी काढून माझी फळी बांधली. बाईंनीही "राहू दे तुमच्याकडेच" म्हणून परवानगी दिली.

मित्रांनो, ते चार महिने कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. भिंगरी रोज शाळेतून आली की माझ्यासमोर बसे. बोट चाकीपर्यंत येई आणि मागे जाई. कधी कधी ती दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवी. एकदा तिने चाकी अर्धा फेरा सोडली, मग "नाही, नाही" म्हणत तेवढीच पुन्हा आवळली. मला वाटायचे, शाबासकी द्यावी, पण देणार कशी?

आज दुपारी दारावरची बेल वाजली आणि बाबा आले. भिंगरीने दारातच त्यांच्या गळ्याला मिठी मारली, ती अजून सुटलेली नाही. दोघे जमिनीवर लोळत एकमेकांना काय काय सांगत आहेत. बॅग तशीच दाराशी पडली आहे. संध्याकाळ झाली, तरी माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलेले नाही.

जन्मभर मी "उघडू नका" म्हणून आतल्या आत ओरडलो, आणि आज माझाच जीव खालीवर होतो आहे. मित्रांनो, हातातल्या कामाला त्याचा वेळ द्या, सारखे उकरून बघू नका. पण वेळ झाली, की त्या कामाची आठवणही ठेवा. मला या दोघांचा राग यायला हवा होता. त्यांचे हसणे ऐकून तो काही येत नाही. एक रात्र मी आणखी कळ काढीन. पण उद्या सकाळी कुणीतरी मला उघडा हो. टोक नसले म्हणून काय झाले, पान छान वाळले आहे.