सगळी मावतील असं गाणं

संगीताच्या खोलीची लांबी गाण्यावर ठरत असे. सोपं गाणं घेतलं की खोली आखडायची, अवघड घेतलं की लांबायची. मैदानातून पाहिलं तर मात्र ती होती तेवढीच दिसे: एक दार, दोन खिडक्या, दाराशी चपलांचा ढीग. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचं काही वाटून घेत नसे.

सुलभाबाई होत्या तोवर रेडकर सरांनीही वाटून घेतलं नव्हतं. बाई जूनमध्ये गाणं निवडायच्या आणि सहावी ते आठवीची चाळीसेक पोरं खोलीत अशी उभी राहायची की कुणाचं कोपर कुणाला लागू नये आणि मागच्या रांगेचा आवाज पुढे वेळेवर पोचावा. कसं निवडायच्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही, म्हणजे रेडकर सरांनाही, नाही. रेडकर सर भूगोल शिकवायचे. समूहगानाच्या तासाला बाई पुढे पेटीवर बसायच्या आणि सर मागच्या रांगेच्या पाठीशी उभे राहून टाळीनं ताल धरायचे, शेवटच्या ओळीआधी हात वर करायचे. सरांचं काम तेवढंच.

श्रावणात बाई गेल्या. दिवसपाणी उरकून सर शाळेत आले तर मोठ्या बाईंनी समूहगान त्यांच्या गळ्यात घातलं.

"अहो, मला गाण्यातलं काही कळत नाही."

"इतकी वर्षं मागे उभे होतात ना?"

"भिंतही इतकी वर्षं मागे उभी आहे."

"भिंतीला पगार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तालुक्याच्या स्पर्धेला गाण्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आणि अवघड घ्या. सोप्या गाण्याला परीक्षक चहा पीत बसतात."

शुक्रवारी दुपारपर्यंत सरांचं काही ठरलं नव्हतं. आधी त्यांनी झेंड्याचं गाणं घेऊन पाहिलं. पहिली ओळ झाली न झाली तोच मागची भिंत सरसर पुढे आली. पोरं एकमेकांवर रेलली, दोघं पेटीवर बसली, उरलेली व्हरांड्यात सांडली.

"सर, ह्याचं ढोपर माझ्या डब्यात गेलंय!"

"डबा बंद कर."

"ढोपर आत आहे, सर!"

मग कोळ्यांचं गाणं घेतलं. थोडी जागा झाली, पण अख्खी सातवी बाहेर राहिली. मोठ्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"कमी पोरं घ्या ना, सर. बारा पुरेत. ती गिरणीवाल्या शालनची गौतमी, ती तर कधी सुरात नसतेच. तिच्यापासून सुरुवात करा."

गौतमी बाहेरून खिडकीच्या गजाला धरून उभी होती. तिनं ऐकलं आणि ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं मैदानाकडे तोंड केलं.

"बाईंनी कधी कुणाला काढलं नाही," सर म्हणाले.

"बाई वेगळ्या होत्या."

हे वाक्य सर महिनाभर ऐकत होते. वाण्याकडे, बँकेत, भाजीवाल्याकडे. बाई वेगळ्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच घरात राहत होत्या.

"मी एकालाही काढणार नाही," ते म्हणाले. "सगळी मावतील असं गाणं शोधतो."

"आता कुठे शोधता? मी मघाशीच फोन करून कळवलं. डोंगराचं गाणं."

सरांनी डोळे मिटले. डोंगराचं गाणं सात मात्रांचं होतं, आणि मधेच एका ठिकाणी पाच मात्रांवर उडी मारायचं. अर्ध्या पोरांनी एक ओळ म्हणायची, त्याच वेळी अर्ध्यांनी दुसरी. सुलभाबाई दर जूनला ते पोरांसमोर गुणगुणायच्या आणि पोरं अजून लहान आहेत म्हणून सोडून द्यायच्या; पोरांना ते ऐकूनच पाठ झालं होतं. शिवाय एकदा नाव कळवलं की गाणं पक्कं होतं. पक्क्या गाण्यानं लांबलेली खोली, सगळ्यांनी मिळून ते शेवटपर्यंत म्हटल्याखेरीज परत पुरती आखडत नाही.

व्हरांड्यातली पोरं हसत आत घुसली. जागाच जागा होती. सगळी ऐसपैस उभी राहिली, गौतमीसुद्धा. मग मागची रांग निघाली. स्टँडवरून एसटी सुटावी तशी ती हळूहळू मागे मागे जाऊ लागली. गौतमी हात हलवत होती. थोड्या वेळानं हात दिसेना, नुसती लाल रिबीन दिसली. मग तीही नाही.

"छान लांबली," मोठ्या बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

सरांनी पेटीवर सूर धरला आणि गाणं सुरू केलं. पाच मात्रांच्या उडीपाशी ते मोडलं, कारण पुढच्यांची उडी मारून झाल्यावर मागच्यांचा आवाज येऊन पोचला. मोडल्याबरोबर खोली आणखी लांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच मोडलं, पुन्हा लांबली. त्यानंतर मागच्यांचा आवाज यायचाच थांबला.

शाळा सुटून बराच वेळ झाल्यावर शालन आली. केसांवर, भुवयांवर पीठ होतं.

"गौतमी कुठाय, सर?"

"आत आहे. मागच्या रांगेत."

शालननं आत डोकावून पाहिलं. "रांग कुठाय?"

"आहे. इथून दिसत नाही."

"मग हाताला धरून आणा की!"

"मघाशी गेलो होतो. एका पोराला हाताला धरून चालत राहिलो, दार होतं तेवढंच लांब. पाऊल टाकलं की पुढे फरशी वाढते. त्याला सोडून एकटा निघालो तेव्हा कुठे दाराशी पोचलो. गाणं पुरं झाल्याशिवाय ती येत नाहीत."

"मग पुरं करा! गिऱ्हाईकं गिरणीपाशी ताटकळत ठेवून आलेय मी."

"तेच करतोय ना, बाई!" सर ओरडले. "इथं बसलो तर मागची चुकतात. मागे गेलो तर इथं कुणी नाही. हे दोघांचं काम आहे. दोघं होतो आम्ही!"

शालननं पदर खोचला.

"काय करायचं ते सांगा मला."

"पेटी येते?"

"गिरणी येते."

"तिच्यापेक्षा सोपी आहे. डाव्या हातानं हा भाता हलवत राहायचा. उजव्या हाताच्या बोटानं ही काळी पट्टी दाबून धरायची. काही झालं तरी सोडायची नाही."

"हात भाजतो का?"

"नाही."

"मग धरते."

सर मागे निघाले. खोली अशी होती की चालताना पुन:पुन्हा त्याच दोन खिडक्या लागत. बाहेर तेच मैदान, आणि शिपाई तीच कबड्डीची रेघ फक्कीनं ओढत होता. वाटेत पोरं दप्तरांवर बसली होती, त्यांना सर उठवत गेले. मागून पेटीचा सूर येत होता, आधी जाड, मग बारीक.

"दवाखान्यात पडल्या पडल्या डाळीत पाणी किती ते सांगितलंस," ते चालता चालता बाईंना म्हणाले. "विजेचं बिल कुठे भरायचं ते सांगितलंस. हे सांगायला काय झालं होतं?"

शेवटी लाल रिबीन दिसली.

"सर, आता आलात व्हय?" गौतमी म्हणाली. "घरी गेला असाल म्हटलं."

"तुझी आई आलीय. पेटी धरून बसलीय."

"आई? पेटी?" गौतमी घाबरली. "सर, लवकर चला, ती मोडून ठेवील."

सर रांगेच्या पाठीशी गेले आणि त्यांनी टाळी धरली. आधी मागच्यांनी उचललं, त्यांचं ऐकून त्यांच्या पुढच्यांनी, आणि गाणं रांगेरांगेनं पुढे जात राहिलं. सात, सात, सात. उडी आली. गौतमीचा सूर बाजूलाच होता, पण पाचावर तिचा पाय बरोबर पडला, आणि तिच्याबरोबर सगळ्यांचा. गाणं मोडलं नाही.

सरांच्या पाठीला गार काहीतरी टेकलं. भिंत होती. ती पुढे सरकू लागली तशी रांगही गात गात पुढे सरकली. खिडक्या कमी कमी झाल्या. मधल्या रांगा आल्या, सातवी आली, पहिल्या रांगेतल्या पोरांची डोकी दिसली, त्यांच्यापलीकडे पेटी आणि पेटीवर वाकलेली शालन दिसली. भिंत जोर करत होती.

कुठल्याही गाण्यात शेवटच्या ओळीआधी सगळे थांबतात. नुसता पेटीचा सूर राहतो. मागच्या माणसानं हात वर करायचा, म्हणजे मागची तयार आहेत. ते पाहून पुढच्या माणसानं, म्हणजे इतकी वर्षं बाईंनी, हात वर करायचा, की सगळ्यांनी एकदम ओळ उचलायची.

पोरं थांबली. सरांचा हात सवयीनं वर गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की शालनला हे सांगायचं राहिलं होतं.

पोरांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या. सगळी पुढे बघत होती. ओरडावं तर गाणं मोडणार, आणि आता मोडलं तर खोली कुठवर जाईल ते सांगता येत नव्हतं. भिंतीनं त्यांना गौतमीच्या दप्तरावर दाबलं, गौतमीला तिच्या पुढच्या पोरावर. कुणी श्वास सोडेना. सरांनी हात खाली घेतला नाही.

शालन मान खाली घालून बसली होती. डावा हात भात्यावर होता, उजवा पट्टीवर. सूर एकसारखा येत होता.

तिच्या शेजारी, पोरांच्या डोक्यांच्या वर, बाई करायच्या तसा एक हात वर झाला. पोरांनी तोंडं उघडली.