अस्करच्या गेटवरचा बॅनर

मसूदाला अरबी वाचता यायचं, समजायचं मात्र नाही. श्रीवर्धनच्या मदरशात लहानपणी ती कुराण वाचायला शिकली होती. बहरीनमध्ये चौदा वर्षं काढल्यावर दुकानांच्या पाट्या ती चालता चालता वाचायची, अर्थ अंदाजाने लावायची.

तिथल्याच अस्कर गावाच्या बाजूला लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत ती ऑफिसचं काम बघायची. मार्चमध्ये तिथल्या एका फिटरची दोन बोटं मशीनमध्ये गेली. नुकताच युरोपातून आलेला सेफ्टी मॅनेजर हेंड्रिक त्यावरून इरेला पेटला. रविवारपासून 'अपघातांविरुद्ध क्रुसेड' सुरू होणार, गेटवर तीन भाषांत मोठा बॅनर हवा, असं त्याने गुरुवारी दुपारी फर्मावलं. अरबी भाषांतर करणारा गनी रजेवर होता. हिंदी ओळ मसूदाने स्वतः लिहिली आणि अरबीसाठी इंग्रजी ओळ फोनमध्ये टाकली. फोनने उत्तर दिलं : अल-हमला अस-सलीबिया.

सलीब म्हणजे क्रॉस, एवढं तिला उर्दूमुळे माहीत होतं. ती जरा थबकली. मग वाटलं, सेफ्टीच्या पाट्यांवर हिरवा क्रॉस असतोच की. तिने ओळ छपाईवाल्याला पाठवली आणि घरी निघून गेली.

रविवारी सकाळी कंपनीची बस गेटपाशी आली तेव्हा माणसं आत न जाता बाहेरच उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. काहीजण फोनवर बॅनरचे फोटो काढत होते. फोरमन अबू जासिम, साठीला आलेला बहरीनी माणूस, मसूदाला पाहून पुढे आला. त्याला बाजारातलं हिंदी चांगलं यायचं.

"सिस्टर, वाच."

तिने वाचलं. उच्चार स्पष्ट, एकही अक्षर चुकलं नाही. मागची दोन तरुण पोरं एकमेकांकडे बघून विचित्र हसली.

"अर्थ माहीत आहे?"

"क्रॉसची मोहीम. सेफ्टीची."

अबू जासिमने डोळे मिटून घेतले. "नऊशे वर्षांपूर्वी युरोपातून फौजा आल्या. कपड्यांवर क्रॉस शिवलेला. बैतुल मुकद्दस, तुमचं जेरुसलेम, घेतलं तेव्हा बायकामुलंसुद्धा सोडली नाहीत. मग दोनशे वर्षं मारामाऱ्या. त्या लढायांना आम्ही हे नाव देतो. हेच."

"पण ते तर इतकं जुनं..."

"जुनं कुठे? मी चाळिशीचा नव्हतो तेव्हा एका मोठ्या देशाच्या पुढाऱ्याने टीव्हीवर हाच शब्द उच्चारला. मग विमानं उडाली. आणि आमच्यातले जे डोकी कापत फिरले, तेही मारताना समोरच्याला सलीबीच म्हणायचे. दोन्हीकडून हाच शब्द, सिस्टर. तू तो आमच्या गेटवर टांगलास."

मसूदा धावतच हेंड्रिककडे गेली. नऊच्या आत बॅनर उतरवला. हेंड्रिक पुनःपुन्हा म्हणत राहिला की त्याच्या देशात हा शब्द कुणीही सहज वापरतं, दात घासण्याच्या जाहिरातीतसुद्धा. पण फोटो तोवर कुठल्या कुठे पोचले होते.

सोमवारी जोबीच्या लॉकरवर पांढऱ्या रंगाने क्रॉस काढलेला सापडला. खाली एकच शब्द होता : सलीबी. जोबी केरळचा ख्रिश्चन वेल्डर, कंपनीत सहा वर्षं जुना. गळ्यात बारीक साखळी असायची, तीही शर्टाच्या आत. त्याने रॉकेलच्या फडक्याने लॉकर पुसला. क्रॉस फिका झाला, पण दिसायचा राहिला. दुपारी जेवताना त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

घरी मसूदाने नवऱ्याला सगळं सांगितलं. ओवैस सूकमध्ये, जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानात कामाला होता. अशा बातम्या त्याच्या कानावर आधी यायच्या.

"सूकमध्ये पण बोलतायत. तुझं नाव अजून कुणाला माहीत नाय," तो म्हणाला. "तू मधी नको पडूस. गनीचं काम होतं, गनी करायचा."

"गनी इथे नव्हताच."

"म्हणूनच सांगतो, गप ऱ्हा."

ती गप्प राहिली. फक्त एक दिवस.

मंगळवारी सकाळी जोबीने वेल्डिंगचा टॉर्च पेटवण्याआधी गॅसची नळी हाताने चाचपली. त्याची सवयच होती ती. सिलिंडरजवळ, वळणाच्या मागे, नळीला ब्लेडचा सरळ काप होता. वाकवल्याशिवाय दिसला नसता. जोबीने व्हॉल्व्ह बंद केला, हातमोजे काढले आणि जमिनीवर बसून राहिला.

हेंड्रिकने पोलिसांना कळवलं नाही. दार लावून त्याने मसूदाला पत्र टाइप करायला सांगितलं : जोबी घरगुती कारणासाठी, स्वतःच्या विनंतीवरून तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर जात आहे.

"त्याने विनंती केलीय?" मसूदाने विचारलं.

"करेल."

मसूदाने कीबोर्डवरचे हात उचलले. ती उठली आणि ऊन तुडवत जेवणाच्या शेडमध्ये गेली. चाळीसेक माणसं जेवत होती. ती याआधी तिथे कधी आली नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

"तो शब्द मी लिहिला," ती हिंदीत म्हणाली. "मी, मसूदा. मला अर्थ माहीत नव्हता, आणि मी कुणाला विचारलं नाही. जोबीला अरबीचं एक अक्षर येत नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढा."

अबू जासिमने तिचं बोलणं अरबीत सांगितलं. मग स्वतःचं ताट उचललं, जोबीच्या बाकावर जाऊन बसला आणि खाऊ लागला. आणखी दोघं उठून तिकडे गेले. बाकीचे जागेवरून हलले नाहीत. ताटांतून मान वर न करता जेवत राहिले. मसूदाला वाटलं होतं कुणीतरी शिवी देईल, निदान चिडेल. तसं काही झालं नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

पत्र तिने टाइप केलं नाही. पण बुधवारी सकाळी जोबी स्वतःच ऑफिसात आला. त्याने रजा मागितली नाही, राजीनामा दिला. स्वतःच्या हाताने लिहिलेला.

"काल सगळे ऐकत होते ना," मसूदा म्हणाली. "आता कळलंय त्यांना. अबू जासिम तुझ्या बाजूने आहे."

"दीदी, मला दोन मुली आहेत. रोज भीतभीत नळी कोण तपासत बसणार?"

दुपारी ती त्याच्याबरोबर व्हॅनपर्यंत गेली. ड्रायव्हर बॅगा चढवत होता. जोबीने पायरीवर पाय ठेवला, मग थांबला.

"कोणी कापली ते मला माहीत आहे."

"कोण?"

"गेल्या वर्षी आई वारली तेव्हा तो माझ्या खोलीवर रात्रभर बसला होता. माझ्या डब्यातली मासळी खायचा. सोमवारपासून नजर देत नव्हता. काल तुम्ही बोलत होतात तेव्हा त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं."

"नाव सांग, जोबी. मी पोलिसांत जाईन."

"नाव सांगितलं तर त्याच्या बाजूचे दहा, माझ्या बाजूचे दहा. मग तुम्हाला अजून एक बॅनर लिहावा लागेल." तो आत बसला. व्हॅनचं दार सरकलं.

मसूदा वळली. जेवणाची वेळ झाली होती. शेडमधून माणसं हात धुवायला नळाकडे येत होती. काहींनी तिला पाहून मान लववली. एकाने "सलाम, सिस्टर" म्हटलं आणि तिच्यासाठी वाट सोडून बाजूला झाला. तिने सलाम परत केला. मग एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत ती ऑफिसपर्यंत चालत गेली.