अर्जात न मावलेली म्हैस

विद्यापीठाच्या अर्जात एक चौकट होती. वर प्रश्न छापला होता, ‘अभ्यासाव्यतिरिक्त तुम्ही काय करता?’ मी तीन शब्दांत उत्तर लिहिलं होतं : मी म्हैस पळवते.

दत्तप्रसाद सरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर तेच होतं.

“संयोगिता, हे काय हाय?”

“म्हैस, सर.”

“ते दिसतंय. हितं का आलीय?”

सरांचा राजारामपुरीत क्लास आहे. तिथं गणित-विज्ञान शिकवत नाहीत, अर्जातली ही एक चौकट भरून देतात. “मार्कं सगळ्यांनाच पडतात. मार्कांच्या पलीकडचा माणूस दिसाय पायजे,” असं सर म्हणायचे आणि बारावीच्या चाळीस पोरांच्या अर्जात तोच एक माणूस लिहायचे.

त्या माणसाला समाजसेवेची आवड होती. म्हणून दर रविवारी आम्ही रंकाळ्यावर कचरा उचलायला जायचो. चाळीस जण एकाच कोपऱ्याच्या मागं लागल्यावर तिसऱ्या रविवारी कचरा संपला. चौथ्या रविवारपासून आम्ही घरनं कचरा न्यायला लागलो. यशराजची आई कोथिंबिरीची देठं डब्यात भरून द्यायची, वर झाकण लावून. “सांडू नकोस रे, पुरायला पायजे,” म्हणायची.

त्या माणसाला संगीतही यायचं. क्लासात एक उकुलेले होतं, म्हणजे गिटारचं पिल्लू. त्याला तारा नव्हत्या. “फोटोत तारा दिसत न्हाईत,” सर म्हणाले, आणि चाळीस जणांनी रांगेनं ते वाजवलं.

माझी म्हैस खोडून सरांनी तिथं लिहिलं : उकुलेलेवादन, नेतृत्व, जलाशय संवर्धन. “पुण्याकडची माणसं हायत,” ते म्हणाले, “म्हैस बघितली की पुढचं वाचायची न्हाईत.” मी मान डोलावली. अभ्यासक्रम कसला, तर प्राण्यांच्या वर्तनाचा. अख्ख्या महाराष्ट्रातनं तीस जागा. त्यातली एक मला सातवीपासून पाहिजे होती, आणि त्यासाठी मी कोथिंबिरीची देठंसुद्धा वेचली होती.

आता म्हशीबद्दल. आमच्या घरात सहा म्हशी. पाच दूध देतात, सहावी कलेक्टर. दूध तीही देते, पण सवडीनं. ती रस्त्यानं निघाली की समोरचा आपणहून बाजूला होतो, म्हणून हे नाव. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरनं हाक मारत सुटायचं. रस्त्यात शंभर म्हशी, पन्नास गाड्या, वर हलगी. त्या गोंधळात आपल्याच माणसाच्या आवाजामागं जी धावते, ती जिंकली. कलेक्टर आधी माझ्या भावाकडं, आदर्शकडं होती. तिनं त्याला दोन वर्षं ओळख दाखवली नाही. मग मी तिच्यासाठी तीन वर्षं पहाटे पाचला उठले.

मुलाखत मंगळवारी सकाळी दहाला, फोनवर, व्हिडिओतनं. पडद्यावर तिघं होते : नंदिनी मॅडम, एक टक्कल असलेले सर आणि एक गृहस्थ, ज्यांचा कॅमेरा शेवटपर्यंत छताकडं होता.

“उकुलेले वाजवता? छान,” मॅडम म्हणाल्या. “थोडं ऐकवा ना.”

 

“मॅडम, त्याला तारा नव्हत्या.”

“म्हणजे तुटल्या?”

“न्हाई. कधीच नव्हत्या. आणि रंकाळ्यावरचा कचरा आम्हीच नेलता.”

टकलू सरांनी पेनाला टोपण लावलं. छत हललं. माझी जागा गेली, हे मला त्या टोपणाच्या आवाजावरनं कळलं.

“मग तुम्ही खरंच काय करता?” मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण घड्याळ होतं.

“म्हैस पळवते.”

“कुठे?”

“माझ्या मागं.”

टकलू सरांनी टोपण काढलं. “दाखवता येईल?”

आमच्या घरामागं पंचगंगेचा काठ आहे. मी तशीच पळाले, मागनं माझे आजोबा, आबा. “आबा, फोन धरा.”

आबांनी फोन कानाला लावला. विद्यापीठाला आबांचा कान दिसला.

“हॅलो, बोला पावणं!”

“आबा, कानाला न्हाई, समोर धरा! ते बघत्यात!”

“बघंनात की. आपलं काय चोरीचं हाय का?”

नदीत गल्लीतल्या तीसेक म्हशी बसल्या होत्या. वर नुसती शिंगं आणि नाकपुड्या. त्यातली कलेक्टर कुठली, ते मलाही सांगता आलं नसतं. मी काठावर लावलेल्या मोटारसायकलला किक मारली, पाठ नदीकडं केली आणि हाक दिली.

“ये कलेक्टऽऽर! हुर्रऽऽ!”

एकोणतीस डोकी जागची हलली नाहीत. एक डोकं वळलं. हे मला नंतर आबांनी सांगितलं, कारण मी बघितलं नाही. बघायचंच नसतं. मी गिअर टाकला. मागं आधी पाणी फुटल्याचा आवाज आला, मग चिखल, मग दगडावर खूर. काठावरनं वळून मी देवळापर्यंत गेले, परत आले, ब्रेक मारला आणि हात वर केला. ती थांबली. नंबरप्लेट आणि तिचं नाक यात वीतभर अंतर. हात आणखी वर केला. साडेपाचशे किलोची कलेक्टर मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

आबांना राहवलं नाही. त्यांनी फोन तिच्या तोंडाजवळ नेला. विद्यापीठाला आधी नाकपुडी दिसली, मग जीभ. तिनं पडदा वरपासून खालपर्यंत चाटला आणि फोन बंद झाला.

“गेलं,” आबा म्हणाले.

आम्ही फोन पंच्यानं पुसला. मी पुसला, आबांनी पुसला, परत मी पुसला. कलेक्टर रवंथ करत बघत होती. पाचव्या मिनिटाला तो वाजला.

पडद्यावर आता चार माणसं होती. टकलू सरांनी शेजारच्या खोलीतनं आणखी एकांना ओढून आणलं होतं.

“तुम्ही एकदाही मागे पाहिलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “का?”

“बघितलं की थांबते, मॅडम. तिला वाटतं, मलाच खात्री न्हाई. हे कळायला मला एक वर्ष गेलं. पहिल्या उन्हाळ्यात सरावाला सारखं वळून बघितलं, तर ती कंटाळून एका वरातीत शिरली आणि नवरदेवाच्या पुढनं कार्यालयापर्यंत गेली. पावण्यांनी तिला ओवाळलं.”

मग त्यांनी विचारलं, ती आवाज ओळखते, की गाडी? मी सांगितलं, आवाज. एकदा घसा बसलेला तेव्हा आली नव्हती. भाऊ माझ्यासारखी हाक मारतो तेव्हा? जागची हलत नाही, पण लाजल्यासारखी करते. वीस मिनिटांची मुलाखत पावणेदोन तास चालली. शेवटी छतसुद्धा बोललं. “चारा बदलला तर फरक पडतो का?” त्यानं विचारलं.

दहा दिवसांनी यादी लागली. तीस नावं, पहिलं माझं. आडनावांच्या क्रमानं नाही, मी दोनदा तपासलं. आबांनी गोठ्यात उभं राहून अख्खी यादी मोठ्यानं वाचली. बाकीच्या एकोणतीस जणांनाही आमच्या म्हशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी दत्तप्रसाद सर नदीवर हजर. मागं नवी चाळीस पोरं, प्रत्येकाच्या अर्जात ‘म्हैस पळवणे’. चाळीस जणांनी मिळून हाक मारली, “कलेक्टऽऽर!” ती पाण्यात होती. तिनं नाकपुड्याही आत घेतल्या.

“फोटोत म्हैस पाण्यात हाय का भाईर, कोण बघतंय,” सर म्हणाले. पण पाण्यावर आता शिंगंही नव्हती. “संयोगिता, पोरांना दाखव की जरा.”

मी गाडीवर बसले, पाठ नदीकडं केली आणि एकदाच हाक मारली. समोर चाळीस पोरं आणि सर उभे होते. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग ते सगळे आपणहून बाजूला झाले.

मी मागं बघितलं नाही.